निघायचं की घरातच थांबायचं?

चक्रीवादळ यायचं असेल तर सरकार सांगतं, घर सोडा. अणुवीज केंद्रात मोठा बिघाड झाला तर पहिली सूचना बहुधा उलटी येते: घरात जा, दारं-खिडक्या लावून घ्या आणि पुढचा निरोप येईपर्यंत बाहेर पडू नका. ज्या किनाऱ्यावर ही दोन्ही संकटं येऊ शकतात तिथल्या माणसांनी काय करायचं? पालघर जिल्ह्यातल्या तारापूर, घिवली, चिंचणी, बोईसर या अणुवीज केंद्राभोवतीच्या पट्ट्यात हा प्रश्न हवेतला नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ उत्तर कोकणाच्या रोखानं निघालं होतं. तेव्हा किनाऱ्यावरची वस्ती हलवण्याबरोबरच रासायनिक कारखाने आणि अणुवीज केंद्राबाबतही खबरदारी घेत असल्याचं राज्य सरकारनं जाहीर केलं होतं. वादळ अखेर रायगडात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं आणि पालघर बचावलं.

उपग्रह, सायरन, मोबाइलवरचे संदेश हे सगळं लागतंच. पण इशारा वेधशाळेतून किंवा केंद्राच्या नियंत्रण कक्षातून निघाला, तरी अखेर तो एका म्हाताऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या बाईच्या पडवीपर्यंत पोचायला हवा, आणि तिला उचलून नेणारे दोन जण तिथं हवेत. ही शेवटची पायरी ज्या समाजांनी आधी बांधून ठेवली ते वाचले. ज्यांनी ती ऐनवेळेवर सोडली त्यांच्याकडे उत्तम आराखडे असूनही माणसं गेली.

वादळाच्या बाबतीत शिकण्यासाठी फार लांब जायला नको. १२ नोव्हेंबर १९७० ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, भोला बेटाच्या परिसरात आलेल्या वादळानं किमान तीन लाख माणसं घेतली. काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. वादळ उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसलं होतं, रेडिओवरून सूचनाही गेली होती. पण ती ज्या भाषेत आणि ज्या पद्धतीनं गेली, त्यातून चिखलाच्या बेटावर राहणाऱ्या शेतमजुराला 'आता उठ आणि चालायला लाग' हे कळलं नाही. कळलं असतं तरी तो जाणार कुठं, हा प्रश्न होताच. सपाट बेटावर चढायला उंच जागाच नव्हती.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर लगेच, १९७२ मध्ये, रेडक्रॉसच्या मदतीनं तिथं चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. त्याची रचना साधी आहे. दोन-तीन हजार वस्तीमागे एक पथक. पथकातली माणसं त्याच गावची. कुणाकडे इशारा देण्याचं काम, कुणाकडे निवाऱ्याचं, कुणाकडे सुटकेचं, कुणाकडे प्रथमोपचाराचं. हत्यारं म्हणजे भोंगा, हातानं फिरवायचा सायरन, बॅटरीवरचा रेडिओ आणि बावटे. एक बावटा चढला की लक्ष ठेवा, दोन चढले की सामान आवरा, तीन चढले की निघा. आपल्या कोळीवाड्यांना ही भाषा नवी नाही. 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय' एवढं ऐकलं की होडी पाण्यात घालायची नाही, हे तिथल्या पोरालाही कळतं. बांगलादेशानं तीच खूण समुद्रावर जाणाऱ्यांपुरती न ठेवता घरात राहणाऱ्यांपर्यंत आणली.

पण १९९१ च्या एप्रिलमध्ये आलेल्या वादळात पुन्हा सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. स्वयंसेवक होते, इशाराही बऱ्याच ठिकाणी पोचला होता, तरीही लोक निघाले नाहीत. का निघाले नाहीत याची कारणं नंतर खोदून काढली गेली, आणि माझ्या मते आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. घर सोडलं तर चोरी होईल ही भीती. गाय-बैल मागे सोडून कसं जायचं ही अडचण. याआधी दोनदा इशारा येऊन काहीच झालं नव्हतं, हा अनुभव. आणि बायका. मेलेल्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट होतं. नवरा बाहेर असताना घर सोडायचा निर्णय त्यांनी घ्यायचा नव्हता. परक्या पुरुषांच्या गर्दीत, आडोसा आणि संडास नसलेल्या इमारतीत रात्र काढणं त्यांना नको होतं. पुरुष स्वयंसेवकानं अंगणात येऊन भोंग्यातून ओरडलेलं ऐकून त्या दारापर्यंतही आल्या नाहीत.

मग या प्रत्येक कारणावर वेगळा इलाज झाला. जनावरांसाठी मातीचे उंच चौथरे बांधले गेले होतेच. तिथं त्यांना किल्लाच म्हणतात. त्यांची संख्या वाढवली गेली. निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आणि संडास आले. आणि पथकांत बायका घेतल्या गेल्या. आज वीस जणांच्या पथकात निम्म्या जागा त्यांच्या आहेत. २००७ मध्ये सिद्र हे तितक्याच ताकदीचं वादळ आलं, तेव्हा मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास होता. २०२० च्या अम्फानमध्ये वीस लाखांहून अधिक लोक हलवले गेले आणि बांगलादेशात पन्नासहून कमी माणसं गेली. मधल्या काळात वेधशाळेचे अंदाज सुधारले, रस्ते झाले, पक्की घरं वाढली. सगळं श्रेय पथकांना देणं चूक ठरेल. पण सुधारलेला अंदाज दारापर्यंत नेला तो त्यांनीच.

ओडिशाची गोष्ट आपल्या वाचकांना थोडीफार माहीत असते. २९ ऑक्टोबर १९९९ ला पारादीपजवळ महाचक्रीवादळ आलं आणि सरकारी हिशेबानंच सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातली. त्या वेळी किनाऱ्यावर रेडक्रॉसनं बांधलेले मोजकेच निवारे होते, आणि त्यांत शिरलेली माणसं तगली. राज्यानं त्याच वर्षअखेर स्वतःचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं केलं. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला २००५ मध्ये. त्यानंतर किनाऱ्यावर खांबांवर उचललेल्या शेकडो बहुउद्देशीय इमारती उभ्या राहिल्या.

यातला 'बहुउद्देशीय' हा शब्द सरकारी वाटतो, पण सगळी गोम तिथंच आहे. दहा वर्षांतून एकदा उघडायची इमारत दहाव्या वर्षी उघडत नाही. किल्ली सापडत नाही, जनरेटरमध्ये डिझेल नसतं, टाकीत पाल मरून पडलेली असते. ओडिशातल्या अनेक निवाऱ्यांत एरवी शाळा भरते, लग्नं लागतात, बचत गटाच्या बैठका होतात. त्यामुळे इमारत झाडली जाते, पंप चालू राहतो, आणि मुलांना जिना कुठं आहे हे अंधारातही ठाऊक असतं. निवाऱ्याची समिती गावचीच असते. दरवर्षी पावसाळ्याआधी तालीम होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन गोपाळपूरला धडकलं तेव्हा सुमारे दहा लाख लोक हलवले गेले. मे २०१९ मध्ये पुरीजवळ आलेल्या फनीच्या वेळी बारा लाख हलवले, अडीच कोटींहून अधिक मोबाइल संदेश गेले, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

आपल्या कोकणाला अशा तालमीची सवय नाही, कारण अरबी समुद्रातली वादळं आजवर बहुधा ओमानकडे किंवा गुजरातकडे जात. निसर्गमध्ये माणसं फारशी दगावली नाहीत. खरी परीक्षा ३ जूनची दुपार उलटल्यावर सुरू झाली. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झालेल्या, घराघरांवरची कौलं आणि पत्रे उडालेले, आणि पावसाळा तोंडावर. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागात वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. मोबाइलचे मनोरे मुके झाले. मुंबईत असलेल्या मुलांना गावी आई-वडील कसे आहेत हे कळायला कित्येक दिवस लागले. त्यातून टाळेबंदीचा काळ. विहिरीत पाणी आहे पण पंप चालत नाही. रहाट कधीच मोडीत काढलेला. धान्य आहे पण दळण कुठं करायचं? ज्या वाड्यांनी आपापसात माणसं वाटून घेऊन, कोयते-करवती घेऊन रस्ता मोकळा केला, तिथं मदतीची गाडी आधी पोचली. इशाऱ्याचा सगळा डोलारा मोबाइलवर उभा असेल तर वादळाच्या दुसऱ्या दिवशी आपण मुके आणि बहिरे होतो, एवढा धडा कोकणानं स्वतःच्या खर्चानं घेतला.

वादळ निदान सांगून येतं. हवामान खातं साधारण ७२ तास आधी सावध करतं, ४८ तास आधी दक्षतेचा आणि २४ तास आधी धोक्याचा इशारा देतं. आभाळ दिसतं, वारा कळतो, समुद्राचा रंग बदलतो. किरणोत्साराला रंग, वास, आवाज काहीच नाही. तिथं माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. सांगणाऱ्यावर विसंबावं लागतं. त्यामुळे कोण सांगतं आणि आपण त्याच्यावर आधीपासून विश्वास ठेवतो का, ही गोष्ट अणु-अपघातात वादळापेक्षा कितीतरी महत्त्वाची होते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड केंद्रात २८ मार्च १९७९ च्या पहाटे एका अणुभट्टीचं इंधन अंशतः वितळलं. दोन दिवस उलटसुलट बातम्या येत राहिल्या. शुक्रवारी धुराड्याच्या थेट वर घेतलेलं किरणोत्साराचं एक मापन लोकवस्तीतलं समजलं गेलं आणि गोंधळ वाढला. गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायका आणि शाळेत न जाणारी लहान मुलं एवढ्यांनीच बाहेर पडावं असा सल्ला दिला. असे लोक तीन-साडेतीन हजार भरले असते. प्रत्यक्षात पंधरा मैलांच्या आतले सुमारे १ लाख ४४ हजार लोक गाड्या काढून निघाले. आसपासच्या लोकांना मिळालेली सरासरी मात्रा छातीच्या एका एक्स-रेहूनही कमी होती, हे नंतर निघालं. पण ते लोक मूर्ख होते असं म्हणायची माझी तयारी नाही. तीन दिवसांत तीन अधिकारी तीन गोष्टी सांगत असतील तर शहाणा माणूस गाडीच काढेल.

त्यानंतर अमेरिकेनं प्रत्येक केंद्राभोवती दहा मैलांचा आणीबाणी नियोजनाचा पट्टा आखला. आपल्याकडे हा पट्टा १६ किलोमीटरचा, म्हणजे तेवढाच.

घरात थांबा असं का सांगतात, हे समजून घेतलं तर ती सूचना भित्री वाटत नाही. अपघातात बाहेर पडलेले किरणोत्सारी वायू आणि बारीक कण ढगासारखे वाऱ्याबरोबर सरकतात. ढग डोक्यावरून जात असताना उघड्या रस्त्यावर, वाहतूक कोंडीत अडकलेल्या रिक्षात किंवा टमटममध्ये असणं सगळ्यात वाईट. विटांच्या किंवा काँक्रीटच्या घरात, दारं-खिडक्या लावून, पंखे आणि एसी बंद करून, फटींना ओलं फडकं लावून बसलं तर श्वासावाटे आणि बाहेरून मिळणारी मात्रा बरीच घटते. बाहेरून आलेल्यानं कपडे दाराशीच उतरवून पिशवीत बांधून ठेवले आणि अंघोळ केली तर अंगावर बसलेली बहुतेक धूळ जाते. कुडाच्या किंवा पत्र्याच्या घराचा मात्र फारसा उपयोग नाही. म्हणजे पाड्यावरच्या माणसाला 'घरात थांबा' हे सांगून चालत नाही. त्याला जवळची पक्की शाळा दाखवावी लागते.

आयोडीनच्या गोळीबद्दल फार गैरसमज आहेत. अणुभट्टीतून सुटणाऱ्या पदार्थांत किरणोत्सारी आयोडीन असतं. ते शरीरात गेलं की गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं. साध्या आयोडीननं ग्रंथी आधीच भरलेली असेल तर त्याला जागा उरत नाही. गोळीचा उपयोग तेवढाच. ढग येण्याच्या थोडं आधी किंवा नंतरच्या काही तासांतच ती घ्यायला हवी. लहान मुलं, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायका यांना तिची गरज सर्वांत जास्त. चाळिशीपुढे फायदा कमी होत जातो. बाकी कोणत्याही किरणोत्सारी पदार्थापुढे ती निरुपयोगी आहे. आयोडीनयुक्त मीठ खाऊन हे काम होत नाही. फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी मिठाच्या पिशव्यांसाठी रांगा लावल्या त्या वाया गेल्या.

चेर्नोबिलला मुलांचं जे नुकसान झालं ते मुख्यतः दुधातून. २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर कण गवतावर पडले, गवत गाईंनी खाल्लं, दूध मुलांनी प्यालं. सोव्हिएत सरकारनं वेळेवर 'दूध देऊ नका' एवढं जरी सांगितलं असतं तरी थायरॉइडच्या कर्करोगाच्या पुढच्या हजारो केसेसपैकी कितीतरी टळल्या असत्या. शेजारच्या पोलंडनं मॉस्कोकडून नीट माहिती मिळत नसतानाही २९ एप्रिलपासून एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीन पाजलं. आपल्याकडच्या गावात याचा अर्थ असा: माळ्यावर ठेवलेला जुना पेंढा ही त्या दिवसांतली सगळ्यात सुरक्षित वैरण आहे. जनावरं गोठ्यात बांधावीत, त्यांना तो पेंढा घालावा, विहिरीवर ताडपत्री ओढावी. आणि पालेभाजी, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, ताजं दूध हे तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवावं. किरणोत्सारी आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे ही बंदी दूधवाल्याला कायमची बुडवणारी नसते.

आता फुकुशिमा. ११ मार्च २०११ च्या दुपारी भूकंप, मग त्सुनामी. रात्री साडेनऊच्या सुमारास केंद्रापासून तीन किलोमीटरच्या आतल्यांना निघायचा हुकूम झाला. पहाटे पावणेसहाला तो दहा किलोमीटरवर गेला, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास वीस किलोमीटरवर. चोवीस तासांच्या आत तीन हुकूम; काही कुटुंबांनी पुढच्या दिवसांत चार-पाच वेळा बिऱ्हाड हलवलं.

केंद्रापासून साडेचार किलोमीटरवर ओकुमा गावात फुताबा नावाचं रुग्णालय होतं. रुग्णालय आणि शेजारचा त्याचाच वृद्धाश्रम मिळून ४३६ माणसं. १२ मार्चला बस आल्या आणि चालता येणारे दोनशेच्या वर रुग्ण गेले. त्यांच्याबरोबर बहुतेक कर्मचारीही गेले. अंथरुणाला खिळलेले मागे राहिले. दोन दिवसांनी त्यांतल्या काहींना आणि वृद्धाश्रमातल्या लोकांना मिळून १३२ जणांना बसमध्ये बसवलं. बसवलं म्हणजे अक्षरशः बसवलं. ज्यांना बसता येत नाही त्यांनाही. जवळचा रस्ता बंद पट्ट्यातून जात असल्यानं बस वळसा घालत सुटली. आधी किरणोत्साराची तपासणी, मग सुमारे २३० किलोमीटरचा प्रवास, दहा तासांहून अधिक. बरोबर डॉक्टर नाही, पाणी नाही, सलाइन नाही. बस शेवटी इवाकीतल्या एका शाळेच्या व्यायामशाळेपाशी थांबली. काही जण बसमध्येच गेले होते, काही त्या लाकडी जमिनीवर. या रुग्णालयाच्या आणि वृद्धाश्रमाच्या स्थलांतरात चाळीसहून अधिक माणसं गेली. किरणोत्सारानं त्यांतलं एकही नाही. फुकुशिमा प्रांतात धावपळ, तुटलेली औषधं आणि पुढची निर्वासित अवस्था यांमुळे झालेले म्हणून नोंदलेले मृत्यू दोन हजार तीनशेच्या वर आहेत. जवळच्या मिनामिसोमा शहरातल्या वृद्धाश्रमांचा अभ्यास झाला, तेव्हा स्थलांतरानंतर तिथल्या वृद्धांचं मरणाचं प्रमाण २.७ पट झालेलं दिसलं. आणि ज्या आश्रमानं आधी पुढचं ठिकाण, गाद्या, औषधं यांची व्यवस्था लावून मग लोक हलवले, तिथं ते इतकं वाढलं नाही.

मग घरात थांबणाऱ्यांचं काय झालं? १५ मार्चला वीस ते तीस किलोमीटरच्या पट्ट्यातल्या लोकांना घरातच राहायला सांगितलं गेलं. मिनामिसोमाचा बराच भाग त्यात होता. किरणोत्साराच्या भीतीनं ट्रकचालक शहरात यायला तयार होईनात. दुकानं रिकामी, पेट्रोल संपलेलं, बातमीदारही निघून गेलेले. महापौर कात्सुनोबू साकुराई यांनी शेवटी यूट्यूबवर चित्रफीत टाकून जगाकडे मदत मागितली. 'घरात थांबा' हा हुकूम देणाऱ्यानं त्या घरात तांदूळ, गॅस आणि रक्तदाबाच्या गोळ्या कोण पोचवणार हेही त्याच कागदावर लिहायला हवं.

सर्वांत चीड येते ती नामिए गावाच्या हकिकतीची. हुकूम त्यांना टीव्हीवरून कळला. हजारो लोक वायव्येला डोंगरातल्या त्सुशिमा भागात जाऊन राहिले. ढग कुठल्या दिशेला सरकेल हे सांगणारी संगणकीय यंत्रणा जपानकडे होती आणि तिचे नकाशेही निघत होते. ते नामिएपर्यंत कुणी पोचवले नाहीत. ढग नेमका वायव्येलाच गेला.

याच्या उलट दोन गोष्टी सांगतो, दोन्ही जपानच्याच. ३० सप्टेंबर १९९९ ला तोकाई गावातल्या एका इंधन कारखान्यात सकाळी साडेदहानंतर अनियंत्रित अणुसाखळी सुरू झाली. वरून हुकूम येईना. गावप्रमुख तात्सुया मुराकामी यांनी दुपारी तीनला स्वतःच्या जबाबदारीवर साडेतीनशे मीटरच्या आतल्या १६१ लोकांना हलवलं. आणि २०११ मध्ये फुकुशिमापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिहारू या छोट्या गावानं वारा आपल्याकडे फिरतोय आणि पाऊस येणार हे पाहून १५ मार्चला सात हजारांहून अधिक लोकांसाठी आयोडीनच्या गोळ्या वाटल्या. प्रांत सरकारनं त्या परत घ्यायला सांगितलं. गावानं नकार दिला. असा निर्णय दरवेळी बरोबरच ठरेल असं नाही. पण हाती गोळ्या, दारोदार जाणारी माणसं आणि वाऱ्याची दिशा बघणारं कुणीतरी असल्याशिवाय चुकीचा निर्णयसुद्धा घेता येत नाही.

दोन संकटं एकत्र आली तर आराखड्यांची खरी तारांबळ उडते. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू वादळ फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट केंद्रावरून गेलं. भट्ट्या नियमाप्रमाणे आधीच बंद केल्या होत्या. बाहेरची वीज पाच दिवसांहून अधिक काळ नव्हती, बाहेरच्या जगाशी काही तास संपर्कही नव्हता, पण डिझेल जनरेटरवर केंद्र तगलं. आसपासचा मुलूख मात्र उद्ध्वस्त. तेव्हा एक प्रश्न पुढे आला जो आधी कुणी फारसा विचारला नव्हता: केंद्र ठणठणीत आहे, पण सायरनचे खांब पडलेत, रस्ते अडलेत, निवारे मोडलेत, मग भट्टी पुन्हा सुरू करायची कशी? आता अमेरिकेत वादळानंतर केंद्र चालू करण्याआधी बाहेरची आणीबाणी व्यवस्था जागेवर आहे का, हे तपासलं जातं.

१ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. तिथलं शिका अणुवीज केंद्र २०११ पासून बंदच होतं, म्हणून निभावलं. पण त्याच्या आराखड्यातले निघायचे रस्ते दरडींखाली गेले होते, आणि ज्या घरांत थांबा म्हणून सांगायचं ती घरंच कोसळली होती. निघताही येत नाही आणि थांबताही येत नाही. द्वीपकल्पाच्या टोकाला सुझू इथं आणखी एक केंद्र होणार होतं. स्थानिकांच्या दीर्घ विरोधानंतर २००३ मध्ये ते बारगळलं. २०२४ च्या भूकंपात सगळ्यात जास्त हादरलेल्या गावांत सुझू होतं.

आपल्याकडे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पक्कमच्या अणुवीज केंद्रात पाणी पंपघरात शिरलं. चालू असलेली भट्टी नीट बंद केली गेली आणि आठवड्याभरात पुन्हा सुरूही झाली. समुद्राकाठच्या कर्मचारी वसाहतीत आणि शेजारच्या गावांत मात्र माणसं बुडाली. जपानमधल्या ओनागावा केंद्रात २०११ च्या त्सुनामीत उलट चित्र दिसलं. ते केंद्र उंचावर बांधलेलं असल्यानं वाचलं, आणि घरं वाहून गेलेले साडेतीनशेच्या वर गावकरी केंद्राच्याच व्यायामशाळेत आश्रयाला राहिले.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, म्हणजे फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीहूनही जुन्या, आणि रचना त्याच घराण्यातली. केंद्राच्या कुंपणाबाहेरची जबाबदारी केंद्राची नसते, जिल्हाधिकाऱ्यांची असते. साधारण दोन वर्षांतून एकदा बाहेरच्या भागाची तालीम घ्यायची असते. सोळा किलोमीटरच्या त्या वर्तुळात मच्छीमार गावं आहेत, वाडवळ आणि आदिवासी वस्ती आहे, आणि बोईसरची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या चाळींत भाड्याच्या खोलीत चार-पाच जण राहणारे, हिंदी-भोजपुरी बोलणारे कामगार पाळ्यांत काम करतात. मराठीतून निघालेला सायरनचा खुलासा त्यांना कोण समजावणार? रात्रपाळीचा माणूस दुपारी झोपलेला असताना त्याच्या दारावर कोण जाणार? रासायनिक कारखान्यातली वायुगळती आणि किरणोत्सार यांच्या सूचनांत फरक काय, हे वॉचमनला माहीत आहे का?

हे सगळं मुंबईत बसून ठरत नाही. ग्रामसभेच्या एका बैठकीत मात्र बरंच ठरू शकतं. आशा सेविकेच्या वहीत गरोदर बायकांची आणि तान्ह्या मुलांची नावं असतातच, अंगणवाडीत सहा वर्षांखालच्यांची, रेशन दुकानात म्हाताऱ्या जोडप्यांची. त्या तिन्ही याद्या एकत्र करून अंथरुणाला खिळलेल्यांची आणि ऑक्सिजनवर असणाऱ्यांची चौथी यादी जोडायची, आणि प्रत्येक नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावं लिहायची. एक नाही, दोन. कारण वादळाच्या दिवशी त्यातला एक बाहेरगावी असणारच. पोलीस पाटलाकडे एक भोंगा आणि बॅटरीचा रेडिओ. पक्क्या शाळेची एक किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि दुसरी शाळेला लागून असलेल्या घरात. आयोडीनच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहेत का, किती आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो. फी दहा रुपये.

निघायची वेळ आलीच तर एक शेवटची अडचण उरते. चिंचणीहून काय किंवा घिवलीहून काय, बाहेर पडायचे रस्ते मोजकेच, आणि मुख्य रस्ता बोईसरचं रेल्वेफाटक किंवा पूल ओलांडून पूर्वेला महामार्गाकडे जातो. संध्याकाळी पाळी सुटते तेव्हा त्या रस्त्यावर दोन किलोमीटरला किती वेळ लागतो हे तिथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. तालीम घ्यायचीच असेल तर त्या वेळेला घ्यावी.